चिमटीतलं शहर

असा एखादा फोटो समोर आला की आधी बोटं शिवशिवतात. बंदराला लागलेली जहाजं, धक्क्यावर रचलेले रंगीत कंटेनर, त्यांच्यामधून निघालेला एक पिवळा ट्रक. तो ट्रक चिमटीत धरावा आणि अलगद पलीकडच्या रांगेत ठेवून द्यावा, असं वाटतं. झाडं स्पंज कातरून केलेली वाटतात, समुद्र काचेवर रंग ओतून केलेला, माणसं साच्यातून काढून रंगवलेली. कुणा हौशी माणसानं टेबलावर मांडलेला हा देखावा असणार, याची खात्री पटते न पटते तोच फोटोखालची ओळ सांगते की बंदर खरं आहे, ट्रक खरा आहे, आत बसलेला ड्रायव्हरही खरा आहे. गंमत पुढेच आहे. वेदान्तातल्या दृष्टान्तात दोरी ओळखू आली की साप नाहीसा होतो. इथे ओळख पटूनही साप जागचा हलत नाही. बंदर खरं असल्याचं कळलेलं असतं, आणि तरी ते खेळण्यातलंच दिसत राहतं.

या करामतीला टिल्ट-शिफ्ट म्हणतात. तसली लेन्स कॅमेऱ्यावर बसवल्यानंतरही दोन हालचाली करू शकते. एक सरकण्याची: सेन्सरला समांतर राहून ती वर-खाली किंवा बाजूला सरकते. दुसरी कलण्याची: काही अंशांनी ती मान तिरकी करते. सरकण्याचा उपयोग इमारतींचे फोटो काढणाऱ्यांना. उंच इमारत फ्रेममध्ये बसवायला कॅमेरा वर उचलला की भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवली की त्या ताठ उभ्या राहतात. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत या दोन्ही हालचाली सहज होत. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांना त्या उशिरा मिळाल्या. निकॉनची सरकणारी लेन्स १९६२च्या सुमारास आली, आणि सरकणारी नि कलणारीही अशी कॅननची लेन्स १९७३ साली. शहराचं खेळणं करायला यातलं फक्त कलणं पुरतं.

कलण्यामागचा नियम ज्याच्या नावानं ओळखला जातो तो थिओडोर शाइम्पफ्लूग व्हिएन्नाचा, ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन. त्याला बलूनमधून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायचे होते. बलून डुलतं, कॅमेरा तिरका होतो, आणि चौकोनी शेत फोटोत एका बाजूला निमुळतं येतं. ते पुन्हा चौकोनी कसं करायचं याचा मार्ग त्यानं १९०४ सालच्या ब्रिटिश पेटंटमध्ये मांडला, आणि झ्यूल कार्पांतिए या फ्रेंच संशोधकाच्या १९०१ सालच्या पेटंटचं ऋणही मान्य केलं. नियम थोडक्यात असा: लेन्स आणि फिल्म समांतर असतील तर जिथलं चित्र स्पष्ट उमटतं ती पातळीही त्यांना समांतर, समोर भिंत उभी असावी तशी असते. लेन्स कलली की ही पातळीही कलते, आणि तिन्ही पातळ्या वाढवत नेल्या तर एकाच रेषेत भेटतात. निसर्गाचे फोटो काढणारे हा नियम वापरून स्पष्टतेची पातळी जमिनीवर आडवी पसरतात. मग पायाजवळच्या फुलापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख येतं. लेन्स उलट्या दिशेला कलवली की तीच पातळी दृश्याला मधूनच छेदून जाते. एक अरुंद पट्टा स्पष्ट राहतो, त्याच्या वरचं आणि खालचं सगळं विरघळतं. जमिनीचं खरं माप मिळावं म्हणून कामाला लावलेली युक्ती उलट फिरवली की सगळी मापं चुकवते.

पण पट्टा सोडून बाकीचं धूसर झालं म्हणून शहर लहान का दिसावं? डोळ्याला वस्तूचा आकार थेट कळत नाही. जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू डोळ्यातल्या पडद्यावर सारखीच प्रतिमा टाकू शकतात. अंतराचा अंदाज आला की मग आकार ठरतो, आणि अंतराचा अंदाज मेंदू मिळतील त्या खुणांवरून बांधतो. धूसरपणा ही त्यातली एक खूण. पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्या, ॲपर्चर एफ-८ ठेवा आणि साडेदहा मीटरवर फोकस करा. पाच-सव्वापाच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येईल. तीच लेन्स, तेच ॲपर्चर, पण फोकस तीस सेंटिमीटरवर आणा. स्पष्ट पट्टा जेमतेम दीड सेंटिमीटरचा उरतो. देव्हाऱ्यातल्या गणपतीचा जवळून फोटो काढताना सोंडेवर फोकस केला तर कान धूसर येतात ते यामुळेच. थोड्याफार फरकानं डोळ्याचंही हेच चालतं, आणि जन्मापासून ते पाहत आल्यामुळे मेंदूनं हिशेब पक्का करून ठेवला आहे: मागचं-पुढचं इतकं धूसर दिसतंय, म्हणजे वस्तू हातभर अंतरावर आहे. आणि हातभर अंतरावर असून फोटोत मावते आहे ती इमारत असेलच कशी?

या हिशेबात एक फट आहे. खऱ्या लहान वस्तूच्या फोटोत धूसरपणा अंतरानुसार वाढतो. टिल्ट-शिफ्टमध्ये तो फोटोत वर आणि खाली जाताना वाढतो. जमीन सपाट पसरलेली असली की फोटोत जे वर ते प्रत्यक्षात लांब, म्हणून चोरी पचते. मध्येच एखादा मनोरा उभा राहिला की ती उघडी पडते. पायथा स्पष्ट आणि कळस धूसर, वास्तविक दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉबर्ट हेल्ड, मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. धूसरपणाची चढण अंतराच्या चढणीशी जुळली तर पाहणारे दृश्य जवळचं मानतात, भलत्या दिशेनं गेली तर तितके फसत नाहीत. नुसतं उंचावरून पाहणंही पुरेसं नसतं. उद्धव ठाकरे यांच्या 'पाहावा विठ्ठल' या पुस्तकात वारीची हवाई छायाचित्रं आहेत. त्यांत माणसं ठिपक्याएवढी झाली तरी लोटलेला समुदाय अफाटच वाटतो. त्याला उचलून ठेवावं असं कुणाच्या मनात येत नाही.

हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि हातानं स्क्रू फिरवत पाहणं वेगळं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भाड्यानं आणलेली नव्वद मिलिमीटरची लेन्स घेऊन मी दादरला एका ओळखीच्यांच्या गच्चीवर उभा होतो. तिथून फूलबाजाराचा रस्ता तिरका खाली दिसतो. पावसानं हवा धुऊन काढलेली. हवेतली धूळ आणि धुकं लांबच्या वस्तूंचे रंग पुसतात; रंग पुसलेले नसले की वस्तू लांब नाही असं मेंदू म्हणतो, म्हणून असे फोटो काढणारे नंतर रंग मुद्दाम चढवतात. इथे तशी गरजच नव्हती. निळ्या ताडपत्र्या, झेंडूचे केशरी-पिवळे ढीग, शेवंती, आपट्याच्या पानांच्या हिरव्या जुड्या.

लेन्सच्या कडेला दोन लहान गोल स्क्रू असतात. एकानं ती कलवायची, दुसऱ्यानं आवळून टाकायची. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नेहमीचा बाजार होता: गर्दी, हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या. स्क्रू फिरवायला लागलो. आधी वरच्या कडेची बस विरघळली, मग खालच्या कडेच्या ताडपत्र्या गेल्या. उरला रस्त्याचा आडवा पट्टा, आणि त्यात डोक्यावर झेंडूचा हारा घेऊन चाललेला एक हमाल. तो नेमक्या कोणत्या क्षणी खेळणं झाला ते सांगता येणार नाही. स्क्रू फिरत होता तोवर हाडामांसाचा होता, थांबला तेव्हा प्लास्टिकचा. तेवढ्यात त्यानं हारा एका हातगाडीवर टेकवला, खांद्यावरचा पंचा ओढून मान पुसली, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आता भ्रम मोडेल असं वाटलं. मोडला नाही. दमलेल्या माणसाची ती हालचाल पडद्यावर इतकी गोड दिसली की मला हसू आलं.

थोड्या वेळानं खाली उतरून त्याच रस्त्यावर आलो. झेंडूचा ओला, उग्र वास, पायाखाली पाकळ्यांचा चिखल, आणि मागून "साइड, साइड!" अशी हाळी. वळेपर्यंत एक हारा कानाला घासून पुढे गेला. तो किती जड आहे ते नेणाऱ्याच्या मानेवरच्या शिरा सांगत होत्या. हा मघाचाच हमाल का, ते मला ओळखता आलं नाही. वरून त्याचा चेहरा दिसलाच नव्हता.

मला वाटतं, या फोटोंची सगळी जादू आणि सगळी खोट इथेच आहे. समोरचं जग हातभर अंतरावर आहे, असं ते डोळ्याला सांगतात. हातभर अंतरावर माणूस असला की त्याचा चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो, तो आपल्याकडे वळून पाहतो. इथे जवळीक आहे आणि ओळख मात्र नाही. मायाही वाटते, पण जी वस्तू उचलून कपाटात ठेवता येईल तिच्याविषयी वाटते तशी.

फोटोला गती दिली की हे आणखी पक्कं होतं. सिनेमात जहाजाचं लहान मॉडेल मोठं भासवायचं असेल तर चित्रण जादा वेगानं करून संथ दाखवतात. वस्तू पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या मॉडेलवरून काही पडलं तर ते एक पंचमांश वेळात खाली येतं. म्हणून सेकंदाला २४ फ्रेमच्या जागी १२० घ्याव्या लागतात. मोठ्याला लहान करायचं तर याच्या उलट, फ्रेम गाळायच्या. सिडनीच्या कीथ लाउटिट यांनी २००८च्या सुमारास आपल्या शहराचे असे छोटे चित्रपट केले. सॅम ओ'हेअर यांनी २०१० साली 'द सँडपिट'मध्ये न्यूयॉर्कचा एक दिवस हजारो सुट्या फोटोंतून उभा केला. त्यातला धूसरपणा लेन्सचा नव्हे, नंतर संगणकावर आणलेला. आता तर फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी पट्टा ठरवता येतो. या चित्रपटांत क्रेन माना वळवतात, गाड्या टुणटुण पुढे सरकतात, माणसं किल्ली दिल्यासारखी चालतात. पाहताना मजा वाटते. पण किल्ली दिलेल्या माणसाला कुठे पोहोचायचं आहे, त्याला उशीर झाला आहे, असं कधी वाटत नाही. तो फक्त चालतो.

तरीही ही नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही, ते दोघा छायाचित्रकारांमुळे. इटलीचे ओलिव्हो बार्बिएरी २००३पासून हेलिकॉप्टरमधून शहरं टिपत गेले. सुरुवात रोमपासून केली. जवळजवळ दोन हजार वर्षं उभं असलेलं कोलोसियम त्यांच्या फोटोत पुठ्ठ्याचं वाटतं. २००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर जग आपल्याला जरासं धूसर वाटू लागलं आणि शहराकडे पुन्हा पाहावंसं वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं आहे. हे ठाऊक झालं की त्या फोटोंतलं हलकेपण भिववायला लागतं. इतकं सहज उचलता येणारं शहर तितकंच सहज पाडताही येतं. जपानचे नाओकी होन्जो मोठ्या फिल्मचा भात्याचा कॅमेरा घेऊन हेच करत होते. त्यांच्या 'स्मॉल प्लॅनेट' या २००६ सालच्या पुस्तकानं त्यांना तिकडचा मानाचा किमुरा इहेई पुरस्कार मिळवून दिला. त्यांच्या फोटोंतलं शहर कुणीतरी मांडून ठेवल्यासारखं दिसतं, आणि पाहता पाहता ध्यानात येतं की ते तसंच असतं. रस्ते कुणीतरी आखलेले, झाडं कुणीतरी ओळीत लावलेली, कुणी कुठून रस्ता ओलांडायचा तेही कुणीतरी पांढऱ्या पट्ट्यांनी ठरवून दिलेलं. रोज त्यातून चालताना हे सुचत नाही. खोटं माप दाखवूनही फोटो एक खरी गोष्ट सांगून जातो.

लहान केलेलं जग आपल्याकडे नवं नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात, चाळीच्या जिन्याखाली किल्ला होतो. दगड-विटांवर पोती, पोत्यांवर चिखल, उतारावर मोहरी किंवा हळीव पेरून आणलेली हिरवळ. प्रमाण तिथे औषधालाही नसतं. मावळा बुरुजापेक्षा उंच, शेजारची गवळण त्याहून मोठी, तळ्यातली होडी कमळापेक्षा लहान, आणि सिंहासनावरचे शिवाजी महाराज सगळ्यांत मोठे, कारण ते महाराज आहेत. टिल्ट-शिफ्टच्या परीक्षेत हा किल्ला पहिल्याच नजरेत नापास होईल. डोळा क्षणभरही फसत नाही. तरी किल्ला करणारं पोर तासन्‌तास त्याच्यात असतं. ते पालथं पडतं, गाल फरशीला टेकवतं, एक डोळा मिटतं आणि महादरवाज्यातून वर बघतं. मावळ्याला गड किती चढायचा आहे ते त्याला मावळ्याच्या उंचीवरून पाहायचं असतं. गुहेत वाघ ठेवला तर आधी स्वतः डोकावून वाघाला बाहेरचं काय दिसतं ते बघून घेतं. किल्ल्यात शिरायला मूल स्वतः लहान होतं. टिल्ट-शिफ्टचा फोटो पाहताना आपण बसल्या जागी मोठे होतो.

या मोठेपणाची दुसरी टोकाची तऱ्हा शाइम्पफ्लूगच्याच व्हिएन्नात पाहायला मिळते, १९४९ सालच्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटात. महायुद्धानंतरच्या शहरात भेसळीचं पेनिसिलिन विकणारा हॅरी लाइम प्राटर बागेतल्या प्रचंड पाळण्यातून मित्राला खालची माणसं दाखवतो, आणि यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच काही वाटेल का, असं विचारतो. लाइमला ठिपक्यांविषयी काही वाटत नाही. टिल्ट-शिफ्ट पाहणाऱ्याला त्यांचा लोभ वाटतो, आणि हा फरक लहान नाही. पण दोघांच्याही नजरेची एक अट सारखीच आहे. खालच्यानं वर बघता कामा नये.

शहरं आता याच नजरेला विकलीही जातात. नव्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात शिरलं की आधी दिसतं ते काचेखालचं मॉडेल. मनोरे, त्यांच्या पायाशी निळा तरण तलाव, गोल कातरलेली झाडं, खिडक्यांतून पिवळा उजेड. टिल्ट-शिफ्टमध्ये शहराचं मॉडेल होतं, इथे मॉडेलचं शहर होणार असतं, आणि नको ते गाळायची सोय दोन्हीकडे आहे. फोटोत ते धूसर पट्ट्यात जातं, मॉडेलमध्ये फळीच्या कडेबाहेर: शेजारचा नाला, फेरीवाले, लोंबणाऱ्या तारा, रस्ता जिथे अरुंद होतो ते वळण. विक्रेता लेसरचा लाल ठिपका फिरवत माहिती देत असतो. घर घ्यायला आलेल्या कुटुंबातलं कुणीतरी, बहुधा आई, कमरेत वाकते, काचेला डोळा लावते आणि विचारते, "सहाव्या मजल्याच्या स्वयंपाकघरात ऊन कुठून येणार? समोरचा टॉवर आड येतोय ना?" मग विक्रेत्याला नकाशाचा कागद उलगडावा लागतो. त्या बाई मुलासारख्याच आत शिरलेल्या असतात.

फोटोपुढे असं वाकता येत नाही; कुठूनही पाहिला तरी तो सपाटच. तिथे निदान विचारता येतं, की हा मधला पट्टा कुणी निवडला आणि वर-खाली काय विरघळवलं. ही सवय लावून घ्यायला टिल्ट-शिफ्टचा फोटो फार चांगला, कारण त्याची लबाडी उघड आहे. ती एका स्क्रूवर चालते आणि अंशांत मोजता येते. नकाशांत, आराखड्यांत, आकडेवारीच्या तक्त्यांत माणसं याहून कितीतरी लहान होतात, आणि तिथे सगळंच कडेपर्यंत स्पष्ट असल्यामुळे ती लहान झाली आहेत हे डोळ्याला कळतही नाही.